रंगीत तालमीत राहून गेलेले सासरे

आमच्या सोसायटीवर आजवर एकच आपत्ती आली, आणि ती मी स्वतः आणली.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. नाशिकच्या गंगापूर रोडवरून नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आम्ही राहत होतो (अजूनही तिथेच राहतो, फक्त जरा मान खाली घालून). मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होतो. एके दिवशी साहेबांनी बोलावलं आणि सांगितलं की आपत्ती व्यवस्थापनाच्या शिबिराला कुणालातरी पाठवायचंय, तुम्ही जा. माझीच निवड का झाली, याबद्दल घरी मी बरंच काही सांगितलं. खरं कारण एवढंच होतं की प्रॉडक्शनमधला माणूस हलवला तर मशीन बंद पडतं, आणि स्टोअरमधला हलवला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

शिबिरातून मी पिवळं हेल्मेट, शिट्टी आणि पाठीवर ‘आपत्ती व्यवस्थापन’ असं छापलेलं नारिंगी जाकीट घेऊन परतलो. त्या दिवसापासून मला आमचं घर घर वाटेनासं झालं. नजर जाईल तिथे धोका! देवघरातलं निरांजन म्हणजे उघडी ज्योत. माळ्यावरचे पितळी डबे म्हणजे भूकंपात डोक्यात पडणारी वस्तू. माझ्या बायकोनं, मंगलनं, हौसेनं दारावर चढवलेली मनी प्लँटची वेल मी ‘सुटकेच्या मार्गातला अडथळा’ ठरवून कापली. त्यानंतर ती बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मी दाराशी एक आपत्कालीन पिशवीही टांगली. तिच्यात टॉर्च, दोरी, मलम, बिस्किटांचे पुडे आणि चिवडा. घरी कुणी आलं की मंगल त्या पिशवीतली बिस्किटं बशीत काढायची. विचारलं तर म्हणायची, न कळवता आलेत, म्हणजे आपत्कालीनच की.

याच सुमारास माझे सासरे आमच्याकडे राहायला आले. ही वाटते तेवढी साधी गोष्ट नव्हती. आप्पा विंचूरचे. सगळा जन्म कांद्याच्या मार्केटात गेलेला, आवाज लिलावाचा आणि स्वभाव कडक. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हा त्यांचा नियम. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नाशकात काही काम निघालं तर ते आमच्याकडे चहापुरतं टेकायचे, तेही खुर्चीच्या टोकावर, आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत. सासूबाई गेल्यापासून विंचूरच्या घरात ते एकटेच होते. मंगल एकुलती एक. आमचा मुलगा पुण्याला शिकायला गेल्यामुळे एक खोली रिकामी होती. आप्पांनी कायमचं आमच्याकडे यावं म्हणून मंगलनं किती विनवण्या केल्या, किती रडली, त्याला मोजमाप नाही. शेवटी मोतीबिंदूनं तिचं काम केलं. ऑपरेशन नाशकात झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस जवळच राहायला सांगितलं. डोळ्यावर हिरवी पट्टी लावलेले आप्पा घरात आले आणि उंबऱ्यातच म्हणाले, “चार दिवसांचा पाव्हना हाय मी. माझ्यासाठी काय वेगळं करू नका.”

मंगलनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

“हे बघा,” ती हळू आवाजात म्हणाली, “त्यांना हे आपलं घर वाटलं पाहिजे. आपली अडचण होतेय असं जरा जरी मनात आलं ना, तर पट्टी न सोडता विंचूरची गाडी धरतील. आणि एकदा गेले की पुन्हा यायचे नाहीत.”

मी तिला निश्चिंत राहायला सांगितलं. म्हटलं, माणसांची काळजी कशी घ्यायची याचं तर मी रीतसर प्रशिक्षण घेतलंय.

पावसाळा सुरू होता. धरणातून पाणी सोडलं की आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत नदी येते, आणि एखाद्या वर्षी पार्किंगमधल्या स्कूटरी निम्म्या बुडतात. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं की आपण पुराची रंगीत तालीम घेतली पाहिजे. हूटर वाजला की प्रत्येकानं गॅस बंद करायचा, मेन स्विच पाडायचा आणि शांतपणे गच्चीवर जमायचं. चेअरमन शिरसाठकाकांना कल्पना फार आवडली. मात्र ते आयुष्यभर कार्यक्रम करत आलेले गृहस्थ. त्यांचं म्हणणं, तालीम घ्यायची तर उद्घाटन हवं, उद्घाटन हवं तर नगरसेवक हवेत, आणि नगरसेवक हवेत तर नारळ हवा. मी म्हटलं, काका, पुराचं उद्घाटन कसं करणार? ते म्हणाले, तुम्ही पुराचं बघा, उद्घाटनाचं मी बघतो.

माझ्या योजनेत एक खास युक्ती होती आणि तिचा मला भारी अभिमान होता. संकटात माणूस आपल्या माणसांपायी गोंधळतो, म्हणून म्हाताऱ्यांना घरच्यांनी न्यायचंच नाही, शेजाऱ्यांनी न्यायचं. पहिल्या मजल्यावरच्या पवार आजी मंगलकडे दिल्या. शिरसाठकाकांच्या आई तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांकडे. अशी सगळी म्हातारी माणसं मी बिल्डिंगभर वाटून टाकली.

आदल्या दिवशी जेवताना आप्पांनी विचारलं, “जावईबापू, उद्याच्याला मला काय काम?”

“तुम्हाला कसलं काम, आप्पा?” मी अगदी प्रेमानं म्हणालो. “तुम्ही पाहुणे. तुम्ही आराम करा.”

मंगलनं ताटातून मान वर करून माझ्याकडे असं बघितलं की माझ्या घशात भाकरी अडकली. आप्पांनी भाकरी संपवली. आमटी मात्र त्यांनी पुन्हा घेतली नाही. मला वाटलं, बेतानं जेवताहेत. आज तो प्रसंग आठवला की मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

रविवारी सकाळी सगळी बिल्डिंग वेळेवर तयार. बायका इस्त्रीच्या साड्या नेसून, पुरुष इन करून. पुरात वाहून जायला इतकी नटलेली माणसं मी कधी बघितली नव्हती. फक्त नगरसेवकांचा पत्ता नव्हता. त्यांच्याकडून निरोप येत राहिला की निघालेत. लोक पुन्हा घरोघर जाऊन बसले, मंगल खाली पार्किंगमध्ये चहाचं बघायला गेली, आणि सकाळपासून धोतर-टोपी घालून खुर्चीत बसलेले आप्पा कंटाळून संडासात गेले. हे मला ठाऊक नव्हतं; रिकामी खुर्ची बघून मला वाटलं, मंगलबरोबर खाली गेले असतील. मी गॅलरीतून नगरसेवकांची गाडी बघत होतो.

गाडी आली. नारळ फुटला. खोबरं वाटलं गेलं. नगरसेवक चार शब्द बोलले, त्यात पूर सोडून सगळं होतं. मी धावत घरी आलो, गॅलरीतून वॉचमनला हात केला, आणि त्यानं मी कारखान्यातून मागून आणलेला हाताचा हूटर गरागरा फिरवला. आवाज असा, की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. मी नियमाप्रमाणे गॅस बंद केला. नियमाप्रमाणे मेन स्विच पाडला. नियमाप्रमाणे “आत कुणी आहे का?” अशी मोठ्यानं हाकही मारली. फक्त हूटर तेव्हा चालूच होता. मग दार ओढलं. शिबिरात कुलपाबद्दल कुणी काही शिकवलं नव्हतं, पण आपण मध्यमवर्गीय माणसं; प्रलय आला तरी कुलूप लावून, ते नीट ओढून बघितल्याशिवाय घर सोडत नाही. मी ओढून बघितलं. पक्कं बसलं होतं.

गच्चीवर पोचलो तर तिथे कुणीच नव्हतं! मी वरून खाली वाकून बघितलं. अख्खी बिल्डिंग छत्र्या घेऊन नदीकडे निघाली होती.

झालं होतं असं, की त्याच सकाळी धरणातून खरोखर पाणी सोडलं होतं. आणि गंगेला (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) पाणी आलं म्हटल्यावर नाशिकचा माणूस घरात थांबत नाही. इतर गावांत पूर आला की लोक नदीपासून लांब पळतात, आमच्याकडे नदीकडे. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, याची चौकशी इथे पाहुण्यांच्या तब्येतीसारखी करतात. हूटर ऐकल्यावर सगळ्यांना वाटलं, आता बघण्यासारखा पूर आला. सर्वांत पुढे शिरसाठकाका, त्यांच्याबरोबर नगरसेवक, आणि पवार आजींचा हात धरून मंगल. आजींनी हट्टच धरला होता म्हणे, की गच्चीवर काय ठेवलंय, मला पाणी दाखव.

मी शिट्टी फुंकत जिना उतरलो आणि मागे धावलो. ‘मागे फिरा’ असं ओरडत होतो. लोक मागे बघत होते, जाकीट बघत होते आणि आणखी भरभर चालत होते. त्यांचा समज झाला की सरकारी माणूस पळतोय त्याअर्थी पाणी वाढतंय, लवकर गेलं पाहिजे!

पुलावर ही गर्दी. पाणी तांबडं, गढूळ, घोंघावत चाललेलं. मक्याच्या कणसांची गाडीही येऊन लागलेली. आणि इथे माझ्या हातून ते घडलं, ज्याची मला आजही लाज वाटते. एका अनोळखी माणसानं माझं हेल्मेट बघून अदबीनं विचारलं, “साहेब, अजून किती सोडणार आहेत?” मला कुणी साहेब म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मी नदीकडे डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणालो, “परिस्थिती नियंत्रणात आहे.” मग दुसऱ्यानं विचारलं, तिसऱ्यानं विचारलं. मी शिट्टी मारून लोकांना कठड्यापासून मागे घेऊ लागलो, स्कूटरवाल्यांना वाट करून देऊ लागलो. नगरसेवकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. कणीसवाल्यानं मला एक कणीस भाजून दिलं. मी तालीम विसरलो, बिल्डिंग विसरलो. मी इतका खूष होतो की काय सांगू!

कणसाचा दुसरा घास घेत होतो, तेवढ्यात मंगल गर्दीतून वाट काढत आली.

“अहो, आप्पा कुठे उभे आहेत?”

“आप्पा? तुझ्याबरोबर ना?”

“माझ्याकडे तुम्ही पवार आजी दिल्यात.”

“मग आप्पा कुणाकडे दिले?”

“ते मला काय विचारता? वाटणी तुम्ही केलीत.”

मी आठवून बघितलं. बिल्डिंगमधलं एकूण एक म्हातारं माणूस मी कुणाच्या ना कुणाच्या हाती सोपवलं होतं. आप्पा कुणाच्याच हाती नव्हते. पाहुण्यांचा विचार माझ्या योजनेत नव्हता. माझा हात आपोआप खिशात गेला आणि घराच्या किल्लीला लागला. मंगलनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. तिला काही सांगावं लागलं नाही. ती पदर खोचून पळत सुटली, आणि मी हातात कणीस घेऊन तिच्या मागे.

गल्लीत वळलो तर आमच्या बिल्डिंगसमोर अग्निशमन दलाची लाल गाडी उभी. खरी! समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी बघितलं होतं, की सगळी बिल्डिंग रिकामी करून लोक पळालेत आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत डोळ्याला पट्टी बांधलेला एक म्हातारा तेवढा मागे राहिलाय. त्यांनी बिचाऱ्यांनी फोन केला. गाडीचा भोंगा पुलापर्यंत ऐकू गेल्यामुळे पूर बघायला गेलेलं पब्लिक आता इकडे बघायला आलं. आप्पा गॅलरीत शांत उभे होते. डोक्यावर टोपी, डोळ्यावर हिरवी पट्टी आणि हातात माझी आपत्कालीन पिशवी. अंधाऱ्या संडासातून चाचपडत बाहेर आल्यावर त्यांना तीच सापडली होती. टॉर्चमध्ये सेल नव्हते (ते मी शिबिराचं भाषण ऐकवायला टेपरेकॉर्डरमध्ये घातले होते). बिस्किटं पाहुण्यांनी खाल्ली होती. चिवडा तेवढा होता, तो ते खात होते.

दलाचा मुख्य माणूस शिडी लावायच्या तयारीत होता. त्यानं गर्दीला विचारलं, “किल्ली कुणाकडे आहे?”

मी हात वर केला. त्यानं माझं हेल्मेट बघितलं. मग मला गोल फिरवून जाकिटाच्या पाठीवरची अक्षरं वाचली. त्यानं शिडी परत ठेवायला सांगितली. मला वाटतं, त्याला नोकरीत असं काही बघायची सवय असावी. पण त्याच्यामागचे दोघे तोंड फिरवून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलत होते.

मी वर गेलो. मागे मंगल, शिरसाठकाका, नगरसेवक, दलाची माणसं आणि जिना भरून लोक. कुलूप उघडलं, दार ढकललं. दार उघडेना! गाव मोकळं आणि आपण घरात एकटे, चोर शिरायला नको, म्हणून आप्पांनी आतून कडी घातली होती. मी दार वाजवलं.

“कोन हाय?”

“आप्पा, मी. जावई.”

आत चिवड्याचा पुडा वाजला. मग आवाज आला, “जावई न्हवं. ते तर मला कोंडून गेले.”

जिन्यावर कुणीतरी हसलं. मग सगळा जिना हसला. नगरसेवकही हसले. मी दाराला कपाळ टेकवून उभा राहिलो. त्या क्षणी धरणाचे सगळे दरवाजे उघडले असते आणि एकट्या मला वाहून नेलं असतं, तर मी कुणालाही शिट्टी मारली नसती.

शेवटी मंगलनं हाक मारल्यावर कडी निघाली. ती त्यांच्या गळ्यात पडून रडली. आप्पांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याकडे एका डोळ्यानं बघितलं आणि खोलीत गेले. लोक पांगले. शिरसाठकाका जाताना म्हणाले की उद्घाटन मात्र चांगलं झालं.

दुपारी आप्पा जेवले नाहीत. खोलीत त्यांनी स्वतःची पिशवी काढली आणि धोतरं घडी करून एकेक आत ठेवू लागले. मंगल स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. ती मला काही बोलली असती तर बरं झालं असतं. इतकी वर्षं तिनं जे मागितलं होतं, ते हाताशी आलं होतं, आणि मी ते कुलूप लावून घालवलं होतं. तेही ओढून बघून.

मी जाकीट काढून ठेवलं आणि खोलीच्या दारात गेलो. शिबिरात माफी कशी मागायची ते शिकवत नाहीत. मी म्हणालो, “आप्पा, चुकलो. मी सगळी माणसं धरली, आणि तुम्हाला धरलंच नाही.”

आप्पांनी पिशवीची चेन लावली. टोपी सारखी केली. पिशवी उचलून ते बाहेरच्या खोलीत आले आणि ती त्यांनी सोफ्यावर ठेवली.

“मंगल,” ते म्हणाले, “माझी राहिलेली कापडं आन् ट्रंक विंचूरवरनं कवा आनायची? ही पिशवी रिकामी कर, ती घेऊन उद्याच जाऊन येतो.”

मंगलला कळेना. मलाही कळेना. ती म्हणाली, “म्हणजे? तुम्ही जात नाही?”

“जानार व्हतो,” आप्पा खुर्चीत बसत म्हणाले. टोकावर नाही, चांगले मागे रेलून. “आजपातुर मला वाटायचं, पोरगी चांगल्या हातात हाय, आपल्याला घोर नाय. आज बघितलं म्या. ह्या मानसाच्या भरवशावर तुला एकटीला ठिवून मला विंचूरला झोप लागंल का?”

मंगल रडता रडता हसायला लागली. मी काय करावं ते न सुचून चहा ठेवायला गेलो. गॅस लागेना, कारण तो मीच नियमाप्रमाणे खालून बंद केला होता.

आप्पा त्यानंतर आमच्याकडेच राहिले. गावाकडचे लोक आले की हमखास विचारतात, की तुम्ही एवढे नियमाचे, आणि लेकीच्या घरी कसे काय राहता? आप्पा नुसतं माझ्याकडे बोट दाखवतात. विचारणारा माझ्याकडे एकदा नीट बघतो, मान डोलावतो, आणि पुढे काही विचारत नाही.